नववीच्या मुली पीटीच्या तासाला बसून राहतात, तेव्हा आधी काय बघायचं

मॅडम, तुमच्या लिहिण्यावरून मला कळलं ते असं. तुम्ही विज्ञान शिकवता, शाळेने तुम्हाला आरोग्यदूत केलंय. पीटीचे सर निवृत्त झाल्यापासून त्यांची जागा रिकामी आहे. आठवी-नववीच्या पीटीच्या तासाला मुलगे क्रिकेट खेळतात, मुली वह्या घेऊन कडेला बसतात, आणि दहावीचा तास तर गणिताने कधीच गिळलाय. मुख्याध्यापकांना ‘आरोग्य सप्ताह’ हवाय आणि तुम्ही विचारताय की त्यात झुंबा ठेवावा की सूर्यनमस्कार.

काहीही ठेवा. सप्ताह संपल्यावरच्या सोमवारी त्या मुली पुन्हा वह्या घेऊन कडेलाच दिसतील. त्यामुळे मी तुमचा प्रश्न जरा बदलून घेतो: जी मुलगी संघात नाही, शर्यतीत नाही, घरी गेल्यावर जिला खेळायला सोडत नाहीत, तिची आठवड्यातली हालचाल शाळा किती वाढवू शकते? सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी अनुदानित शाळेत मी पीटी शिकवत आलोय. खो-खोचे संघ बांधले, तालुका-जिल्हा केला, सगळं केलं. पण संघातली पोरं कशीही खेळतात हो. त्यांना माझी गरज असते ती शिट्टीपुरती आणि प्रवासाच्या बिलापुरती. उरलेल्या चाळीस जणांसाठी काय करायचं, त्याबद्दल लिहितो.

आधी अपेक्षा ठरवून घेऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे 5 ते 17 वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू-हाडांना ताण देणारं काही करावं. ‘दम लागेल’ याची सोपी खूण म्हणजे बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. 2016च्या आकडेवारीनुसार जगभरातल्या शाळेत जाणाऱ्या 11 ते 17 वयाच्या मुलांपैकी 81 टक्के या मापात बसत नव्हती, आणि मुली मुलांपेक्षा मागे होत्या. म्हणजे ‘आमच्याच मुली आळशी’ असं समजू नका. दुसरी गोष्ट जरा कडू आहे. 2012 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मुलांची हालचाल वाढवायच्या कार्यक्रमांच्या 30 चाचण्यांचा एकत्र आढावा आला होता. मुलांच्या कमरेला हालचाल मोजणारी यंत्रं लावून बघितलं, तर एवढ्या खटाटोपातून दिवसाला वाढ निघाली जेमतेम चार मिनिटांच्या चालण्या-पळण्याइतकी. हे वाचून हातपाय गाळायचे नाहीत. पण शाळा साठच्या साठ मिनिटं देईल हा विचार सोडून द्यायचा. आठवड्याला दोन तास हातात आहेत, ते तरी पूर्ण वसूल करायचे, आणि खेळाबद्दल मनात नावड बसणार नाही एवढं बघायचं.

आता, पुढचं बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे. शाळा सकाळची की दुपारची, ग्राउंड केवढं, सावली कुठे, किती मुली एसटीने येतात, तुमच्याबरोबर आणखी कोणी उभं राहणार का. मुंबईतल्या ग्राउंड नसलेल्या शाळेतून प्रश्न आला असता तर मी गच्ची आणि जिना यांवर लिहिलं असतं. तुम्ही ग्राउंड ‘लहान पण आहे’ असं लिहिलंय, तेवढ्यावर बोलतो.

पहिल्या आठवड्यात काहीही सुरू करू नका. एक तास फक्त बघा. वर्गातली एक मधली मुलगी निवडा, चुणचुणीतही नाही आणि अगदी कोपऱ्यातलीही नाही. घड्याळ घ्या, वहीत मिनिटांच्या रेघा मारा आणि दर मिनिटाला लिहा: बसली, उभी, चालली, पळाली. तिला कळू देऊ नका. पस्तीस मिनिटांच्या तासात साधारण काय निघतं ते सांगतो. वर्गातून खाली यायला पाच-सहा मिनिटं. रांग, हजेरी, ‘आज बूट का नाही’ यात पाच. साहित्याची खोली उघडून चेंडू सापडेपर्यंत तीन-चार. परत जायला, पाणी प्यायला शेवटची पाच. उरली पंधरा. त्या पंधरा मिनिटांत क्रिकेट असेल तर एक बॉल टाकतो, एक मारतो, बाकीचे उभे. क्षेत्ररक्षण म्हणजे ऊन खाणं. त्या मधल्या मुलीच्या नावावर पळण्याची दोन मिनिटं निघाली तर नशीब. हा कागद मुख्याध्यापकांना दाखवा. आरोग्याचं भाषण ऐकून कोणी हलत नाही, पण ‘पस्तीसमधली दोन’ हे कोणालाही लागतं.

या कागदावरून पुढचं आपोआप दिसतं. पीटीचा तास परिपाठानंतर लगेच, पहिला ठेवता आला तर बघा. मुलं ग्राउंडवरच उभी असतात, वर्गात जाऊन परत यायची दहा मिनिटं वाचतात. सकाळच्या शाळेला हे फारच चांगलं. दुपारच्या शाळेत अकराचं ऊन असतं, पण जून ते फेब्रुवारी आमच्याकडेसुद्धा चालून जातं. मार्चपासून सावलीतलं काहीतरी शोधावं लागतं. शेवटचा तास मात्र घेऊ नका. एसटीच्या मुली दहा मिनिटं आधी निघतात, मग बाकीच्यांचंही लक्ष दप्तराकडे. हजेरी वर्गनायिकेकडून मुलं धावत असतानाच घ्या. आणि साहित्याच्या खोलीची किल्ली शिपायाच्या खिशात नको, तुमच्याकडे हवी. हसू नका, निम्मे तास या किल्लीपायी जातात.

मग खेळ. माझा नियम एकच आहे: ज्यात बाद होणारा बाहेर बसतो, तो खेळ पीटीच्या तासाला नाही. विचार करा ना, डॉजबॉलमध्ये पहिल्यांदा कोण बाहेर जातं? जिला पळण्याची सर्वांत जास्त गरज आहे तीच. आणि मग सगळ्यात जास्त वेळ ती बसते, तीही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. खेळायचाच असेल तर बाद झालेल्या मुलीने कडेला जाऊन दहा उड्या माराव्यात आणि परत आत यावं, असा बदल करा. क्रिकेट मी बंद करत नाही, पोरं चिडतात. पण एका कोपऱ्यात, ठरलेल्या आठवड्यात, आणि प्रत्येक बॉलला सगळ्यांनी पळायचं अशा नियमाने.

खो-खो आपला खेळ. 2025च्या जानेवारीत दिल्लीत पहिला विश्वचषक झाला तेव्हा भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला, आणि मुलींच्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राची. शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळेला 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. हे मुलींना जरूर सांगा. पण पन्नास मुलींच्या वर्गात स्पर्धेसारखा खो-खो लावला तर एकावेळी बारा जणी खेळणार आणि अडतीस जणी बघणार. शिवाय पाटीवर मातीत बसायचं, तेही पांढऱ्या सलवारीत. म्हणून सुरुवात गोलातल्या खेळाने करा. बारा-चौदा मुलींचा एक गोल, दोन-दोन जणी एकामागे एक उभ्या. एक पळणारी, एक पकडणारी. पळणारी एखाद्या जोडीच्या पुढे जाऊन उभी राहिली की त्या जोडीतली मागची पळत सुटते. फक्कीने चार गोल आखले की अख्खा वर्ग गुंतला. साहित्य शून्य. कोणाचा नंबर केव्हा येईल सांगता येत नाही, त्यामुळे उभ्या असलेल्या मुलीही सावध, पायाच्या चवड्यांवर. थोडं अंगवळणी पडलं की एका गोलात पळणाऱ्या दोन करा.

दुसरी लंगडी. तिला आपण लहान मुलांचं समजून पाचवीतच सोडून देतो, पण एका पायावर वीस सेकंद कोणाला पकडायला जाऊन बघा. पिंढऱ्या, मांड्या, हाडं, सगळ्यांना ताण, आणि दम असा लागतो की विचारू नका. तिसरी लेझीम. तुमच्या शाळेच्या खोलीत पोत्यात गुंडाळलेल्या लेझमी नक्की असतील, 26 जानेवारीलाच बाहेर निघणाऱ्या. लेझमीत चाळीस जणी एकाच वेळी हलतात, कोणी हरत नाही, कोणी बाद होत नाही, आणि ताल असल्यामुळे लाजरी मुलगीही चौथ्या-पाचव्या ओळीत उभी राहून करते. हलगी वाजवायला वर्गातलाच एखादा मुलगा मिळतो. झुंब्याला माझा विरोध नाही. मोबाईल, स्पीकर आणि शिकवणारी बाई यांवर तो अवलंबून राहतो एवढंच.

आता मुलींचं, कारण खरी गाठ तिथेच आहे. मुलगे का बसतात याची कारणं साधी असतात: कंटाळा, दोस्त, बॅट मिळत नाही. मुलींना ‘का गं खेळत नाहीस’ विचारलं की ‘पोट दुखतंय’ एवढंच उत्तर येतं. मी पुरुष शिक्षक, मला यापुढे काही सांगत नसत. शाळेतल्या बाई विचारायला बसल्या तेव्हा जे बाहेर आलं ते असं. पांढऱ्या सलवारीची भीती, डाग पडला तर? ओढणी पळताना सुटते. कुर्ता वर जातो. वरच्या मजल्यावरून नववी-ब मधले मुलगे खिडकीतून बघतात आणि नंतर नक्कल करतात. छाती हलते, कोणीतरी काहीतरी बोलतं. शाळेच्या संडासात पाणी नाही, कडी नाही. आणि घरची ताकीद: ‘मोठी झालीस, आता नाचायचं नाही.’

यातल्या एकाही गोष्टीवर सूर्यनमस्कार हा इलाज नाही.

इलाज बारीक बारीक आहेत आणि त्यातले बरेच शाळेच्या हातात आहेत. पीटीच्या दिवशी दोन्ही वाराला ट्रॅकपँट आणि टी-शर्टची परवानगी लेखी काढून घ्या, आणि दिवसभर तोच पोशाख चालेल असं त्यात स्पष्ट लिहा. कपडे बदलायची खोलीच नसते, म्हणून ही परवानगी नुसती कागदावर राहते. ज्यांच्याकडे नसेल त्यांनी गडद रंगाची सलवार घालावी, दंड नाही, टोमणा नाही. ओढणी काढून ठेवायची की पिनेने बांधायची हे मुलीवर सोडा. तासाची जागा बदला: ज्या बाजूला वर्गांच्या खिडक्या उघडत नाहीत ती बाजू मुलींना. मुलगे-मुली कायमचे वेगळे करा असं मी म्हणत नाही, पण सुरुवातीचे दोन-तीन महिने मुलींना स्वतःची जागा लागते. संडासात बादलीभर पाणी, कडी आणि झाकणाचा डबा, हे आरोग्य सप्ताहाच्या बॅनरच्या पैशात होतं. पॅड तुमच्या कपाटात ठेवा आणि मागायला यावं लागणार नाही अशी सोय करा.

पाळीत खेळावं का, हे पालकही विचारतील. खेळलं तर बिघडत काही नाही, हलक्या हालचालीने बऱ्याच जणींचं दुखणं कमीच होतं. पण ज्या दिवशी नको वाटतं त्या दिवशी तिला कारण न विचारता ग्राउंडभोवती चालायला सांगा. बसवून मात्र ठेवू नका, दप्तरं राखायलाही नको. एकदा मुलगी दप्तर राखायला बसली की वर्षभर तीच तिची नेमणूक होते. दम्याचं किंवा हृदयाचं कारण असलेल्या मुलामुलींचंही तेच. डॉक्टरांनी काय चालेल म्हटलंय ते लेखी मागा, बहुतेकदा चालणं तरी चालतंच.

काही मुली खरंच दमतात. दोन फेऱ्यांत धाप, परिपाठाला चक्कर, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली तर फिकट. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के मुलींमध्ये रक्ताची कमतरता आढळली होती. तेव्हा ‘हिला स्टॅमिनाच नाही’ म्हणायच्या आधी हे बघायचं. लोहाची निळी गोळी आठवड्याला शाळेत येते, पण ती उपाशीपोटी दिली की मळमळतं, आणि मग मुली ती खिडकीतून टाकतात. डबा खाल्ल्यावर द्या, चहाबरोबर नको, आणि तुम्ही स्वतः त्यांच्यासमोर उभ्या राहा. जास्त फिकट वाटणाऱ्या मुलींची नावं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला द्या. ते शाळेत तपासणीला येतातच, पण घाईत असतात, यादी तयार असली की त्या मुली नीट तपासल्या जातात. आणि सकाळच्या शाळेला किती जणी नुसत्या चहावर येतात ते एकदा हात वर करायला न लावता, चिठ्ठीवर विचारा. उत्तर बघून तुम्ही पहिल्या तासाचा खेळ हलका ठेवाल.

चाचण्यांबद्दल दोन शब्द. खेलो इंडियाच्या चाचणीत उंची-वजनावरून बीएमआय, 50 मीटर धावणे, 600 मीटर धावणे-चालणे, बसून पुढे वाकणे, पोटाचे आणि जोर-दंडाचे व्यायाम असतात. भरून द्यायला लागते, द्या. पण वजन रांगेत उभं करून मोठ्याने ओरडून सांगणं हा प्रकार मी अनेक शाळांत पाहिलाय, आणि त्यानंतर जाड मुलगा किंवा मुलगी ग्राउंडवर येत नाही ती येतच नाही. काटा पडद्याआड, आकडा फक्त वहीत. तुलना करायचीच तर त्याच मुलाच्या जूनच्या आकड्याशी.

आणि एक गोष्ट मुख्याध्यापकांकडून सगळ्या शिक्षकांपर्यंत जायला हवी: गृहपाठ केला नाही म्हणून ग्राउंडला पाच फेऱ्या, उशीर झाला म्हणून उठाबशा, हे बंद. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17ने शारीरिक शिक्षेला बंदी आहे, ते झालंच. पण माझा राग वेगळा आहे. सोमवारी जी फेरी शिक्षा म्हणून मारायला लावली, तीच गुरुवारी पोरं आनंदाने मारतील ही अपेक्षा कशी करायची?

दहावीचा तास परत मिळवणं सगळ्यात अवघड. तिथे भांडून उपयोग नाही, गणिताचे सर आपल्याहून ज्येष्ठ असतात. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने 2010 मध्ये 50 अभ्यासांचा आढावा घेतला होता, तो तुमच्या कामाचा आहे. शाळेतली शारीरिक हालचाल आणि अभ्यास यांचे जेवढे संबंध तपासले, त्यातल्या साधारण निम्म्यांत अभ्यासाला फायदा दिसला, उरलेल्या जवळजवळ सगळ्यांत काही फरक नाही, आणि तोटा दिसला तो अवघ्या दीड टक्क्यात. म्हणजे मार्क वाढतीलच असं वचन देऊ नका, कमी होत नाहीत एवढंच ठामपणे म्हणा. शिवाय आरोग्यदूत म्हणून तुमच्याकडे एक हक्काची गोष्ट आहे. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात आठवड्याला एक तास धरलेला आहे, आणि त्याच्या 11 विषयांत निरोगी जीवनशैली हा एक आहे. तो तास वर्गात तक्ते दाखवून घालवू नका, निदान त्या विषयापुरता तरी बाहेर घ्या.

शाळेबाहेरचं फार बोलत नाही, कारण तिथे आपला हात पोहोचत नाही. सकाळी सहाचा क्लास, संध्याकाळी सातपर्यंत दुसरा, मध्ये शाळा. पालकसभेत मी फक्त एकच मागणी करतो: दोन-तीन किलोमीटरवर राहणाऱ्या मुलीला रिक्षा लावू नका, सायकल द्या. रस्ता सुरक्षित असेल तरच, हे सांगायला नको. चार जणी मिळून येणार असतील तर आया लगेच तयार होतात, एकटीला कोणी सोडत नाही. म्हणून सभेतच गल्लीनुसार मुलींचे गट लावून द्या, यादी फळ्यावर.

राहिला आरोग्य सप्ताह. मुख्याध्यापकांना तो हवाय, तर घ्या, पण जुलैमध्ये घ्या, आणि त्यात नवं काही शिकवण्याऐवजी वर्षभराची पायाभरणी उरका. सोमवारी संडासाची कडी आणि पाणी, मंगळवारी उंची-वजन पडद्याआड, बुधवारी लेझमी बाहेर काढून गंज घासणं (हे मुलगे आवडीने करतात), गुरुवारी पथकाला यादी, शुक्रवारी पोशाखाचं पत्रक पालकांच्या सहीसाठी, शनिवारी ग्राउंडवर चार पक्के गोल. फोटो हवा असतो तो लेझमीचा निघतो, छान येतो.

दोन महिन्यांनी तीच मुलगी, तोच तास, तीच मिनिटांची वही पुन्हा करा. दोनाची बारा झाली असतील तर आहे तसंच चालू ठेवा. पाचवर अडकली असेल तर तो कागद इथे टाका. वेळ कुठे जातोय ते बघून पुढचं सांगतो.